मोबदला आणि माया

ज्येष्ठ मधुमेही रुग्ण दवाखान्यात आला की औषधांच्या जुन्या चिठ्ठीआधी मी त्याची वही मागतो. साखर मोजल्याची तारीख, वेळ आणि आकडा, एवढेच त्या वहीत असते. पण पुढचा सारा निर्णय त्या तीन रकान्यांवर उभा असतो. गेल्या हिवाळ्यात अशाच एका वहीने मला फसवले. खरे सांगायचे तर दोष वहीचा नव्हता. तिच्यामागे असलेल्या दहा रुपयांचा होता. आजचा लेख त्या दहा रुपयांविषयी आहे.

नांदेडच्या एका जुन्या वस्तीत राहणारे हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. वय ७८, मधुमेह वीस वर्षांचा, रात्री एकदा इन्सुलिन. मोतीबिंदूमुळे ग्लुकोमीटरवरचा आकडा दिसेना, तेव्हा सातवीत शिकणारा नातू आपणहून पुढे झाला. शाळेत जाण्यापूर्वी तो आजोबांच्या बोटाला सुई टोचायचा, आकडा मोठ्याने वाचायचा आणि वहीत लिहायचा. आजोबांना त्याचे केवढे कौतुक! त्या कौतुकाच्या भरात त्यांनी जाहीर केले, "रोजच्या नोंदीमागे तुला दहा रुपये." पहिला महिनाभर वही अगदी नेटकी होती. दुसऱ्या महिन्यात नातवाने विचारले, "रात्री पण मोजलं तर वीस देणार का?" तिसऱ्या महिन्यात परीक्षा आल्या, सकाळी उठायला उशीर होऊ लागला आणि पट्टी न लावताच वहीत आकडे उमटू लागले. आधीच्या पानांवर १९०, २०० असे आकडे होते. त्याच अदमासाने त्याने नवे लिहिले. महिनाअखेरीस पैसे मात्र चोख मिळाले.

ती वही पाहून, साखर उतरत नाही असे समजून मी इन्सुलिन चार युनिटने वाढवले. चौथ्या दिवशी पहाटे आजोबा घामाने चिंब होऊन थरथरत उठले. बोलणे असंबद्ध होऊ लागले. आजींनी प्रसंगावधान राखून साखरेचे पाणी पाजले म्हणून वेळ निभावली. त्या वेळी मोजलेली साखर ५४ होती. सकाळी मी यंत्रात साठलेले आकडे काढून पाहिले, तर वहीतल्या निम्म्या दिवसांची नोंद यंत्रात नव्हतीच, आणि जी होती ती ११०च्या आसपासची. यंत्र न तपासता केवळ वहीवर विसंबलो, ही माझी चूक. ती मी त्या घरी बसून सर्वांसमोर कबूल केली. मुलगा रडत होता. "आजोबा, मला वाटलं पैसे लिहिण्याचे आहेत," एवढेच तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आजोबांनी पैसे नोंदीसाठी ठेवले होते आणि त्यांना नोंद मिळत होती.

आता दुसरे घर. माझे मूळ गाव लातूर जिल्ह्यात. महिन्यातून एकदा तिकडे जाणे होते आणि ओळखीपाळखीचे रुग्ण पाहणे ओघाने येते. लातूर शहरातील एका घरी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या आजी होत्या. त्यांच्या शुश्रूषेसाठी एक मध्यमवयीन बाई दिवसरात्र राहत असत. घरचे सगळे त्यांना मावशी म्हणत. आठ महिन्यांत आजींच्या पाठीवर साधा लाल डाग उमटला नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत ही किती मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी अशी शुश्रूषा केली आहे त्यांना सांगावे लागणार नाही. मावशी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, आजींची कूस बदलत होत्या.

पुढच्या खेपेला गेलो तो मावशी नव्हत्या आणि आजींच्या माकडहाडावर खोल जखम झाली होती. सूनबाई उद्वेगाने म्हणाल्या, "पाचशे रुपये जास्त मिळाले म्हणून गेल्या, डॉक्टरसाहेब. एवढं घरच्यासारखं वागवलं, पण माणुसकीच राहिली नाही बघा." मी विचारले, त्यांची आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असे? उत्तर आले नाही. पगार कोणत्या तारखेला? "तसं काही ठरलेलं नव्हतं, घरच्यासारख्याच होत्या ना." भाचीच्या लग्नाला गेल्या तेव्हाचे तीन दिवस मात्र हिशेबाने कापले गेले होते.

ही दोन्ही घरे सुशिक्षित, सुस्वभावी माणसांची. पहिल्या घरात नातवाला आजोबांची ओढ आधीच होती, तिला दर लावला गेला. दुसऱ्या घरात दर ठरवून तो वेळेवर चुकता करायला हवा होता, तिथे मायेचे शब्द पुढे केले गेले. तीस वर्षांच्या व्यवसायात ज्येष्ठांच्या शुश्रूषेची घडी विस्कटताना मी अनेकदा पाहिली आहे, आणि पुष्कळदा तिच्या मुळाशी या दोहोंपैकी एक चूक सापडली आहे.

पैसा आणि बक्षीस यांचा माणसाच्या वागणुकीवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ आणि अर्थशास्त्रज्ञ गेली पन्नासहून अधिक वर्षे करीत आहेत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शिशुशाळेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले, "चित्र काढले तर बक्षीस मिळेल." काहींना चित्र काढून झाल्यावर अवचित बक्षीस दिले आणि काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी पाहिले, तर ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिले होते ती मुले आपणहून चित्रे काढण्यात इतरांच्या निम्माच वेळ घालवीत होती. अवचित बक्षीस मिळालेल्या मुलांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. हा भेद आजी-आजोबांनी मनात ठेवण्यासारखा आहे. नातवाला काही देऊ नये असा याचा अर्थ नाही. आधी दर जाहीर करू नये, एवढाच आहे.

दुसरा अभ्यास इस्रायलमधील हैफा शहरातला, २००० साली प्रसिद्ध झालेला. तेथील पाळणाघरांत काही आईवडील मुलांना न्यायला उशिरा येत आणि शिक्षिकांना ताटकळत बसावे लागे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या अभ्यासकांनी दहापैकी सहा पाळणाघरांत उशिरासाठी लहानसा दंड सुरू केला. उशीर कमी होईल ही अपेक्षा; प्रत्यक्षात तो जवळजवळ दुप्पट झाला. आधी उशीर झाला की पालकांना संकोच वाटे, शिक्षिकेच्या चेहऱ्याकडे पाहावेसे वाटत नसे. दंड आल्यावर तो संकोच संपला, कारण उशिराची किंमत आता चुकती होत होती. पुढे दंड बंद केला, तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. घरात एकदा शिरलेला भाव सहज बाहेर जात नाही, हे अनेक कुटुंबांच्या अनुभवाचे आहे. "आईला दवाखान्यात कोण नेणार?" या प्रश्नाचे उत्तर "ज्याच्या नावावर घर होणार त्याने" असे एकदा दिले गेले, की पुढे संकोच कोणालाच उरत नाही.

आमच्या वैद्यकीय क्षेत्रात याचे सर्वांत बोलके उदाहरण रक्ताचे आहे. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो त्या काळात पैसे घेऊन रक्त देणारी माणसे असत. पोटासाठीच ते रक्त विकीत. पण पैसा बाटलीमागे मिळत असल्यामुळे पूर्वी झालेली कावीळ, अंगातली व्यसने, आणि गेल्या खेपेस रक्त दिल्याची तारीख हे सारे लपवण्याकडे कल राही. नातवाच्या वहीत जे घडले तेच इथे घडे: मोजली जाणारी वस्तू मिळे आणि तिच्यामागचे सत्य हरवे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिलेल्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात व्यावसायिक रक्तदात्यांकडून रक्त घेणे बंद झाले. आज रक्तपेढ्यांना मिळणाऱ्या रक्तामागे गणेशोत्सवातली, जयंत्या-पुण्यतिथ्यांची, महाविद्यालयांतली शिबिरे असतात. तरुण मुले रांगेत उभी राहतात, बिस्किटाचा पुडा आणि चहा घेऊन घरी जातात.

स्वीडनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तदानासाठी अल्प रक्कम देऊ केली, तेव्हा तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण निम्म्यावरून तीस टक्क्यांवर आले. तीच रक्कम धर्मादाय संस्थेला देण्याची मुभा दिली, तेव्हा ते पुन्हा पूर्ववत झाले. पुरुषांत असा ठळक फरक दिसला नाही. पुढे अमेरिकेसारख्या देशांत प्रत्यक्ष शिबिरांत झालेल्या पाहण्यांत लहान भेटवस्तूंमुळे रक्तदाते वाढल्याचेही आढळले. म्हणजे बक्षिसाने चांगुलपणा नेहमीच आटतो असा नियम सांगता येणार नाही. ते कोणाला, केव्हा आणि कोणत्या शब्दांत दिले जाते, यावर पुष्कळ अवलंबून असते.

आतापर्यंतचे वाचून कोणी म्हणेल, "मग चांगल्या कामाला पैसे देऊच नयेत." हा निष्कर्ष सोयीचा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. त्याचा फटका कोणाला बसतो हे पाहायचे असेल तर आपल्या गावच्या आशाताईंकडे पाहावे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा स्वयंसेविका ही योजना आली. साधारण हजार लोकसंख्येमागे गावातलीच एक स्त्री. तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले गेले आणि पगाराऐवजी कामागणिक मोबदला ठरला. नवजात बाळाच्या घरी ४२ दिवसांत ठरलेल्या सहा भेटी पूर्ण केल्या की २५० रुपये. तिशीवरील व्यक्तीच्या रक्तदाब-मधुमेह तपासणीची प्राथमिक माहितीपत्रिका भरली की १० रुपये. अशी कामांची लांबलचक यादी आहे. या योजनेने गरोदर माता दवाखान्यापर्यंत पोहोचल्या, लसीकरण वाढले, यात शंका नाही. तरी यादीला एक मर्यादा असते: जे मोजता येते तेच तिच्यात बसते. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून माझ्याकडे रुग्ण पाठवणाऱ्या आशाताईंना गावातल्या कोणत्या म्हाताऱ्याने रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आहेत, कोणती म्हातारी लेक सासरी गेल्यापासून जेवत नाही, हे तोंडपाठ असते. त्या म्हातारीजवळ पंधरा मिनिटे बसून दोन घास खाऊ घातल्याची नोंद कोणत्या रकान्यात करायची? तरीही त्या बसतात. यादीबाहेरचे हे काम त्यांच्या स्वभावातून आलेले असते, आणि त्याच्याच आधाराने व्यवस्थेने बराच काळ त्यांना थोडक्यात राबवून घेतले.

करोनाच्या साथीत, २०२० साली 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत याच स्त्रिया दारोदार फिरल्या. लोकांनी त्यांना योद्धे म्हटले, टाळ्या वाजवल्या. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशा संपावर गेल्या, तेव्हा त्यांचे म्हणणे साधे होते: टाळ्यांनी घर चालत नाही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक सन्मान केला. त्यानंतरही २०२३च्या अखेरीस आणि २०२४च्या आरंभी राज्यातील आशांना पुन्हा संप करावा लागला. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या मासिक मानधनात पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली. सन्मान खरा होता, हवाही होता. पण देणे वेगळे आणि सन्मान वेगळा. लातूरच्या त्या घरात मावशींच्या वाट्याला जे आले, तेच इथे राज्यभर घडत होते.

यावर ज्येष्ठ वाचक सेवाभावाची आठवण देतील आणि ती योग्यच आहे. नांदेडकरांना सेवा म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या जोडाघरात परगावाहून आलेला सुखवस्तू माणूस अनोळखी यात्रेकरूंचे जोडे पुसताना दिसतो, लंगरात पोळ्या लाटताना दिसतो. त्याला कोणी रुपया देऊ केला तर तो अपमान ठरेल. पण हेही पाहावे, की ती सेवा त्याने स्वतः निवडलेली आहे, तिची वेळ त्याने ठरवलेली आहे आणि संध्याकाळी त्याच्या घरची चूल त्या सेवेवर अवलंबून नाही. सेवा स्वतः करायची असते. दुसऱ्याकडून मागून घेतली, की ती वेठ होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला तेव्हा मी आंतरवासिता करीत होतो. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून झोपलेली गावे काही क्षणांत ढिगारा झाली. सुमारे दहा हजार माणसे गेली. आम्ही मिळेल त्या वाहनाने तिकडे पोहोचलो. काय मिळेल हे कोणी विचारले नाही, विचारावेसेही वाटले नाही. भाकऱ्यांची गाठोडी घेऊन आसपासच्या गावांतले लोक येत होते. पण काही दिवसांनी आम्ही परतलो. ज्यांच्या कण्याला मार बसला होता, त्यांची पुढची कित्येक वर्षे कूस बदलण्याचे काम उरले ते त्यांच्या घरच्या एखाद्या बाईवर. उत्स्फूर्त मायेत मोठी शक्ती असते, पण तिची मुदत लहान असते. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चालणाऱ्या शुश्रूषेला वेळापत्रक, विसावा आणि पैसा या तिन्हींची जोड लागतेच. ती नसेल तर मायेची माणसेच आधी आजारी पडतात. अंथरुणावरच्या सासूबाईंपेक्षा सूनबाईंचा रक्तदाब जास्त निघाला, असे माझ्या तपासणीत कितीदा तरी घडले आहे.

बक्षीस चांगले काम कसे करते, याचेही उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०००-०१ साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात बक्षीस गावाला होते, एकेका झाडूला नव्हते. कोणी किती गल्ल्या झाडल्या याचा दर लागला नाही. 'आपल्या गावाचे नाव' यासाठी माणसे रस्त्यावर आली. तपासणी समिती येऊन गेल्यावर पुन्हा उकिरडे साचलेली गावेही आपण पाहिली आहेत. पण जिथे लोकांना स्वच्छतेचा उपयोग स्वतःच्या घरात, मुलाबाळांच्या कमी झालेल्या जुलाबांत दिसला, तिथे बक्षिसानंतरही झाडू हातात राहिला. बक्षिसाने सुरुवात करून देता येते. पुढे चालू राहण्यासाठी कामाचा अर्थ करणाऱ्याला कळावा लागतो.

आता हे घरात कसे उतरवावे, ते थोडक्यात सांगतो.

पगारी सेविका ठेवली असेल तर पगार, तारीख, आठवड्याची सुट्टी आणि कामाचे तास पहिल्या दिवशीच कागदावर ठरवावेत. ठरलेल्या तारखेला पैसे द्यावेत. मागायला लावू नये. रात्रीची झोपमोड होत असेल तर दिवसा झोपेची वेळ राखून ठेवावी. आजारपणाची आणि सणावाराची रजा पगारी असावी. हे सर्व चुकते झाल्यावर 'घरच्यासारखी' हा शब्द वापरावा. त्याआधी वापरू नये.

पैसे नोंदीशी जोडू नयेत. 'कूस बदलल्याचा तक्ता भरला तर इतके' असे ठरवले, की तक्ता भरला जाईल. त्याऐवजी आठवड्यातून एकदा सेविकेबरोबर आजींची पाठ, टाचा आणि माकडहाड स्वतः पाहावे. लाली नाही असे दिसले तर ते तिच्यासमोर, आणि घरच्यांसमोरही, स्पष्ट शब्दांत सांगावे: "तुमच्यामुळे आईची कातडी शाबूत आहे." नेमक्या कामाचे नेमके कौतुक माणसाला पुष्कळ दिवस पुरते.

घरातल्या माणसांच्या मायेला दर लावू नये, आणि तिला गृहीतही धरू नये. जी सून किंवा लेक दिवसभर करते, तिला आठवड्यातून अर्धा दिवस पूर्ण मोकळीक मिळावी आणि त्या वेळी दुसऱ्या भावंडाने घरी हजर राहावे. दूर शहरात राहणाऱ्या मुलांनी खर्चाचा वाटा मागण्याआधी पाठवावा. तो 'करण्याचे पैसे' म्हणून देऊ नये. आईवडिलांचा खर्च सगळ्यांचा, या नात्याने द्यावा. वाटणीची आशा किंवा धाक दाखवून सेवा करवून घेऊ नये, ही ज्येष्ठांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या मार्गाने माणसे जवळ येतात, पण त्यांचे लक्ष तुमच्या प्रकृतीवर राहत नाही.

नातवंडांना खाऊ जरूर द्यावा, अवचित द्यावा. त्यांच्या कामाचा अर्थ मात्र त्यांना आधी समजावून सांगावा.

आणि एक सूचना निव्वळ वैद्यकीय. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला घाम, थरथर, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे जाणवले तर साखर लगेच मोजावी. ती ७०च्या खाली असेल, किंवा मोजण्याची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, तरीही कमी असेल तर पुन्हा द्यावी आणि बरे वाटल्यावर काही खायला घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. तातडीने दवाखाना गाठावा. डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर यंत्रही न्यावे. मी आता दोन्ही मागतो.

लातूरच्या आजींची जखम भरायला अडीच महिने लागले. नव्या सेविकेला रविवारी सुट्टी असते आणि त्या दिवशी मुलगा स्वतः आईची कूस बदलतो, पहिल्या रविवारनंतर त्याने मला फोन करून विचारले, "मावशी हे रात्रीसुद्धा कशा करत होत्या, डॉक्टरसाहेब?" मी म्हटले, हा प्रश्न त्यांनाच विचारा, आणि कापलेले तीन दिवसांचे पैसे घेऊन जा. तो गेला होता, असे नंतर कळले.

नांदेडच्या मुख्याध्यापकांनी दहा रुपये बंद केले, पण नातवाचे काम काढून घेतले नाही. उलट ते त्याला बरोबर घेऊन दवाखान्यात आले. मी त्या मुलाला खुर्चीवर बसवले आणि वहीतला एक आकडा दाखवून सांगितले, "हा वाढला की मी औषध वाढवतो आणि हा उतरला की कमी करतो. म्हणजे आजोबांना किती इन्सुलिन द्यायचं, हे तुझ्या अक्षरावरून ठरतं." तो बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिला. गेल्या महिन्याच्या वहीत तीन दिवस कोरे होते. त्यांच्यापुढे त्याने लिहिले होते: 'मोजली नाही, झोपलो होतो.' त्या तीन कोऱ्या रकान्यांमुळेच बाकीच्या सत्तावीस आकड्यांवर मी विश्वास ठेवू शकलो.